ताडपत्र, कागद आणि पडदा

पडद्यावरील वाचनाने मनुष्याचा विचार उथळ होतो काय, असा प्रश्न हल्ली वारंवार विचारला जातो. त्याचा विचार करू लागताच आम्हांस सोलापूरच्या इतिहासातील एक जुने प्रकरण आठवते.

'षट्खंडागम' या जैन सिद्धांतग्रंथावर वीरसेनाचार्यांनी नवव्या शतकात 'धवला' टीका रचिली. तिची ताडपत्रे कर्नाटकात मूडबिद्री येथे जतन केलेली होती. यात्रेकरू येत, पत्रांचे दर्शन घेत आणि हात जोडून परतत. ग्रंथ पूज्य खरा, परंतु तो वाचणारे विरळा! सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद व मुंबईचे शेठ माणिकचंद यांना ही स्थिती साहवेना. त्यांच्या खटपटीने १८९६ च्या सुमारास नकलेचे काम सुरू झाले व ते वर्षानुवर्षे चालले. नक्कल करणाऱ्या शास्त्रीबुवांनी आणखी एक प्रत गुपचूप करून सोलापुरास आणिली. ज्या ग्रंथासाठी एवढा खटाटोप केला, तो दारी चालून आला असताही, चोरून केलेली प्रत म्हणून हिराचंदांनी ती घेतली नाही. अखेर ती सहारनपुरास गेली आणि तेथून तिच्या नकला पसरल्या.

१९३९ साली डॉ. हीरालाल जैन यांनी अमरावतीहून पहिला छापील भाग काढिला. पुढील आवृत्त्या सोलापूरच्याच जैन संस्कृति संरक्षक संघाने प्रसिद्ध केल्या. छापील पान हाती येताच वाचक नुसता हात जोडीना. तो शंका काढू लागला. ९३ व्या सूत्रात 'संजद' हा शब्द हवा की नको, यावर पंडितांत मोठा वाद माजला. कारण स्त्रियांच्या मोक्षाधिकाराचा प्रश्न त्या एका शब्दाशी निगडित होता. अखेर मूळ ताडपत्रे पाहता तो शब्द तेथे आढळला. एका शब्दापाशी एवढे थांबणे, हे कागदाने शिकविले.

आता असले ग्रंथ बोटाच्या स्पर्शाने उघडतात. २०१८ साली ५४ अभ्यासांचे एकत्रित परीक्षण प्रसिद्ध झाले. माहितीपर मजकूर पडद्यापेक्षा कागदावर अधिक समजतो, आणि वेळेची घाई असता हे अंतर वाढते, असे त्यात दिसले. कथात्मक मजकुरात मात्र तसा भेद आढळला नाही. तेव्हा सारा दोष काचेच्या माथी मारणे न्यायाचे नव्हे. घाईने वाचण्याची सवयही तितकीच दोषी आहे.

मूडबिद्रीचा यात्रेकरू न वाचता दर्शन घेई. आम्हीही शेकडो पाने बोटाने सरकवितो आणि दर्शन घेऊनच परततो. त्याला निदान वाचण्याची मोकळीक नव्हती. आम्हांस ती आहे, आणि म्हणूनच आमची जबाबदारी अधिक आहे.