शहरातले एकटेपण आणि पडदा

मुंबईच्या गर्दीत माणूस एकटा असतो, हे वाक्य आता इतके झिजले आहे की ते उच्चारताना संकोच वाटतो. परंतु या महानगरावरील चित्रपट कालक्रमाने पाहू लागलो म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. हे एकटेपण माणसाच्या स्वभावातून आलेले नाही. ते खोलीच्या भाड्यातून आणि गाडीच्या तिकिटातून आलेले आहे.

बाबूराव पेंटर यांच्या १९२५ सालच्या 'सावकारी पाश' या मूकपटात सावकाराने जमीन गिळलेला शेतकरी शहराची वाट धरतो आणि गिरणीत मजूर होतो. त्या तरुण शेतकऱ्याची भूमिका शांतारामबापूंची. कोकणातून आणि घाटावरून आलेले हजारो चाकरमाने त्या काळी गावकीच्या खोल्यांत पाळीपाळीने झोपत, खाणावळीत जेवत आणि घरी मनिऑर्डर धाडीत. बायकामुले गावीच असत. पुढे आपल्या बोलपटांनी चाळ पुष्कळ रंगविली, पण तिच्यातला विनोदच अधिक वेचला, असे माझे मत आहे. राजा ठाकूर यांचा 'मुंबईचा जावई' (१९७०) आणि त्यावरून बासु चतर्जींनी काढलेला 'पिया का घर' (१९७२) यांत नवविवाहितांना एकांतच मिळत नाही. हसता हसता मनात येते, एकांत न मिळणे आणि एकटे पडणे या दोन्हींचे मूळ एकच : जागा नाही! 'घरौंदा'त (१९७७) तर बिल्डर बुडवितो आणि त्यापायी एक प्रेमच मोडते.

या साऱ्यांत मला मुजफ्फर अली यांचा 'गमन' (१९७८) सर्वांत खरा वाटतो. उत्तर प्रदेशातला गुलाम हसन आई आणि पत्नी यांना मागे ठेवून मुंबईस येतो, टॅक्सी चालवितो. दिवसभर त्याच्या पाठीमागे कोणी ना कोणी बसलेले असते, तरी बोलायला माणूस नाही. कमाई हातात टिकत नाही. शेवटी तो स्टेशनावर जातो, पण गाडीत चढत नाही. इकडे स्मिता पाटील दारात वाट पाहत राहते. मोठा प्रसंग नाही, आक्रोश नाही. भाड्याचा हिशेब जमत नाही, एवढेच.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडल्या, आणि पुष्कळ काम भिवंडीच्या यंत्रमागांकडे वळले. आपल्या मानकोलीच्या नाक्याभोवती आज गोदामे उभी आहेत. तेथे माल उतरविणाऱ्या परप्रांतीय तरुणांत गुलाम हसन किती असतील, हे तुम्हीच पाहावे. फरक इतकाच, की त्यांच्या खिशात फोन आहे आणि आईचा चेहरा रोज दिसतो.

पण चेहरा दिसला म्हणजे भेट झाली काय? रितेश बत्रा यांच्या 'लंचबॉक्स'मध्ये (२०१३) हाच प्रश्न आहे. डबेवाल्यांच्या हातून डबा चुकतो आणि एका विधुर कारकुनाची व एका उपेक्षित गृहिणीची चिठ्ठ्यांतून ओळख होते. दोघे एकमेकांशी समोरासमोर बोललेलेही नाहीत! गंमत अशी की, अखेरीस तो कारकून लोकलमध्ये बसतो तो भजन म्हणणाऱ्या डबेवाल्यांच्या घोळक्यात. मावळातून आणि खेड-जुन्नरकडून आलेल्या या मंडळींनी शहरातही आपला मेळा मोडू दिला नाही. गिरणगावातल्या भजनी मंडळांनीही तेच केले होते. आमच्या दिग्दर्शकांनी या मेळ्याकडे फार थोडे पाहिले, ही मला उणीव वाटते.

अगदी अलीकडे, २०२४ साली, पायल कपाडिया यांच्या 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट' या चित्रपटास कान महोत्सवात 'ग्रां प्री' मिळाले. त्यातील दोघी परिचारिका केरळच्या. एकीचा नवरा जर्मनीत आहे. त्याच्याऐवजी घरी येते ते भात शिजविण्याचे यंत्र. दुसरीला आपल्या प्रियकरास भेटायला जागा नाही. तिसरी पार्वती, रुग्णालयातली स्वयंपाकीण, आपल्या रत्नागिरीकडची. छाया कदम यांनी ती उभी केली आहे. नवऱ्यामागे खोलीचे कागद तिच्यापाशी नाहीत, म्हणून बिल्डर तिला उठवितो. इतकी वर्षे या शहरात राहिल्याचा पुरावा काय, तर काहीच नाही. ती सामान बांधून गावी निघते, आणि पोहोचवायला त्या दोघी तिच्याबरोबर जातात.