येरळेची वाळू आणि बळीराजा धरण : खानापूर तालुक्यातील लोकसहभागाचा एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

महाराष्ट्रातील सिंचनाचा इतिहास प्रामुख्याने मोठ्या धरणांचा, कालव्यांचा आणि शासकीय योजनांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. कोणत्या वर्षी कोणते धरण पूर्ण झाले, त्याची साठवणक्षमता किती आणि त्याखाली किती क्षेत्र भिजले, याच्या नोंदी शासनदरबारी उपलब्ध असतात. परंतु लहान गावांनी स्वतःच्या श्रमातून व स्वतःच्या निर्णयाने आपल्या नदीचे आणि जमिनीचे रक्षण करण्याचे जे प्रयत्न केले, त्यांना या इतिहासात फारसे स्थान मिळालेले नाही. सांगली जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील बलवडी व तांदूळवाडी या दोन गावांनी १९८० च्या दशकात येरळा नदीवर उभारलेले बळीराजा धरण हा अशाच प्रयत्नांपैकी एक महत्त्वाचा प्रयत्न होय.

आकाराने हे धरण लहानच आहे. तथापि, त्याच्या निमित्ताने उपस्थित झालेले प्रश्न मोठे होते. नदीच्या पात्रातील वाळू कोणाची? पाण्यावर हक्क कोणाचा, जमीनधारकाचा की माणसाचा? दुष्काळ ही निसर्गाची आपत्ती आहे की मनुष्यकृत व्यवस्थेचा परिणाम? या प्रश्नांची चर्चा सामान्य शेतकरी, शेतमजूर आणि मुंबईहून परतलेले गिरणी कामगार यांनी केली आणि त्यांची उत्तरे प्रत्यक्ष कृतीतून शोधली, हे या प्रयोगाचे वेगळेपण आहे.

उद्दिष्टे

१) खानापूर तालुक्यातील दुष्काळाची भौगोलिक व सामाजिक पार्श्वभूमी स्पष्ट करणे.
२) वाळू उपसा व भूजल यांचा परस्परसंबंध आणि त्यातून निर्माण झालेला संघर्ष यांचा आढावा घेणे.
३) बळीराजा धरणाच्या उभारणीमागील तत्त्वांचे व त्यांच्या पुढील परिणामांचे मूल्यमापन करणे.

भौगोलिक व ऐतिहासिक पार्श्वभूमी

येरळा ही कृष्णेची उपनदी. सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्याच्या परिसरात उगम पावून ती सांगली जिल्ह्यात प्रवेश करते आणि ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. कृष्णाकाठ ऊस, साखर कारखाने आणि सहकारी संस्था यांमुळे समृद्ध झाला, तर त्याच जिल्ह्याचा पूर्वभाग पर्जन्यछायेत असल्याने कोरडवाहूच राहिला. विटा हे मुख्य ठिकाण असलेला खानापूर तालुका, शेजारचा आटपाडी, तसेच जत, कवठेमहांकाळ आणि तासगावचा पूर्वभाग येथे ज्वारी-बाजरी, शेळ्या-मेंढ्या आणि मुंबईची वाट हेच जगण्याचे आधार होते. एकाच जिल्ह्यातील ही दोन चित्रे लक्षात घेतल्याशिवाय येथील पाणी चळवळीचे स्वरूप समजू शकत नाही.

या भागाला लोकसंघटनेची जुनी परंपरा आहे. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली तत्कालीन सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार उभे राहिले. आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग तेव्हा त्यात समाविष्ट होता. गावोगावची न्यायदान मंडळे व तुफान सेनेचे तरुण यांच्या आठवणी पुढील पिढीपर्यंत टिकून होत्या. शासनाची वाट न पाहता गावाचा कारभार गाव करू शकते, हा धडा या भूमीला नवा नव्हता.

दुसरा दुवा रोजगार हमी योजनेचा आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून या योजनेचा पहिला प्रयोग १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातच झाला. १९७२ च्या भीषण दुष्काळात दुष्काळी कामांनी लाखो कुटुंबांना जगवले. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा संमत होऊन तो १९७९ पासून अमलात आला. परंतु खडी फोडणे व रस्ते करणे हेच या कामांचे नेहमीचे स्वरूप होऊन बसले. मजुराला त्या दिवसाची भाकरी मिळे. पुढील वर्षीचा दुष्काळ मात्र जागच्या जागी राही.

गिरणी संप आणि मुक्ती संघर्ष

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. संप लांबला आणि हजारो कामगार आपापल्या गावी परतले. खानापूर तालुक्यातील घराघरांतून मुंबईला गेलेली माणसे गावात आली, तेव्हा गावही दुष्काळाने होरपळत होते. मनिऑर्डर थांबली आणि शेतही पिकेना, अशी ही दुहेरी कोंडी होती. मात्र या कामगारांनी युनियनचा अनुभव सोबत आणला होता. सभा घेणे, मागणी मांडणे, मोर्चा काढणे ही कामे त्यांच्या अंगवळणी पडलेली होती.

या परिस्थितीतून मुक्ती संघर्ष चळवळ आकारास आली. डॉ. भारत पाटणकर, समाजशास्त्राच्या अभ्यासक डॉ. गेल ऑमवेट आणि बलवडीचे संपतराव पवार ही या चळवळीशी जोडलेली प्रमुख नावे होत. दुष्काळी कामांची मजुरी वेळेवर व पूर्ण मिळावी, ही सुरुवातीची मागणी होती. पुढे मागणीचे स्वरूप बदलले. खडी फोडून दुष्काळ हटत नाही, दुष्काळ कायमचा हटेल अशी कामे द्या, असे मजूरच म्हणू लागले. मदतीच्या मागणीकडून निर्मूलनाच्या मागणीकडे झालेला हा प्रवास या चळवळीतील पहिला वैचारिक टप्पा मानावा लागेल.

यासाठी अभ्यासाची गरज होती. लोकविज्ञान चळवळीतील कार्यकर्ते, विद्यार्थी व अभियंते यांनी गावकऱ्यांच्या सोबतीने पाऊसमान, पीकपद्धती आणि पाण्याची उपलब्धता यांची माहिती गोळा केली. वृद्ध शेतकऱ्यांच्या स्मरणातील नदी आणि समोरची नदी यांत मोठा फरक पडला होता. पाऊस पूर्वीही कमीच होता; परंतु विहिरी इतक्या लवकर कोरड्या पडत नव्हत्या. या फरकाचे एक कारण नदीच्या पात्रातच होते आणि ते कारण म्हणजे वाळू.

वाळूचा प्रश्न

वाळूच्या थरातील कणांमध्ये पोकळी असते. साधारणतः एकूण आकारमानाच्या एक तृतीयांश इतकी ही पोकळी असल्याने वाळूने भरलेले पात्र म्हणजे एक झाकलेला तलावच असतो. पावसाळ्यात वाहणारे पाणी त्यात मुरते, उन्हामुळे होणारे बाष्पीभवन कमी राहते आणि काठावरच्या विहिरींना झिरपा मिळत राहतो. येरळेसारख्या हंगामी नदीत वरून पात्र कोरडे दिसले, तरी झरा खणल्यावर पाणी लागे, ते याच कारणाने. वाळू उपसली की हा साठाच नाहीसा होतो; पुराचे पाणी अडत नाही, पात्र खोल जाते आणि उलट काठावरच्या विहिरींचे पाणी नदीकडे ओढले जाते.

शहरांतील बांधकामे वाढली, तसा वाळूला भाव आला. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २० नुसार नद्या व त्यांची पात्रे शासनाच्या मालकीची ठरतात, तर कलम ४८ खनिजांवरील शासनाचा हक्क सांगते. त्यामुळे महसूल खाते वाळूचा लिलाव करी आणि ठेकेदार ट्रक लावून वाळू नेई. शासनाला महसूल मिळे व ठेकेदाराला नफा. गावाच्या वाट्याला कोरडी विहीर येई. कायद्याच्या भाषेत वाळू हे गौण खनिज होते. काठावरच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने तिच्यात गौण असे काहीच नव्हते.

गावकऱ्यांनी ठेकेदारांच्या उपशाला विरोध केला. येथे या चळवळीची दुसरी वैचारिक झेप दिसते. केवळ वाळू वाचवा असे म्हणून ती थांबली नाही. गावाच्या नियंत्रणाखाली मर्यादित वाळू काढू द्यावी आणि तिच्या विक्रीतून येणाऱ्या पैशावर गावाने स्वतःचे धरण बांधावे, असा प्रस्ताव पुढे आला. वरवर पाहता यात विसंगती वाटते. ज्या उपशाने नदी आटली, तोच उपसा नदी वाचवण्यासाठी कसा करायचा? याचे उत्तर प्रमाणात आणि नियंत्रणात होते. ठेकेदाराला लिलावाची मुदत संपेपर्यंतच नदीशी कर्तव्य असते. गावाला पिढ्यान् पिढ्या तिच्या काठी राहायचे असते. म्हणून किती काढायची, कोठून काढायची आणि कोठे थांबायचे, हे गावाने ठरवावे, असा हा विचार होता.

धरणाची उभारणी

बलवडी व तांदूळवाडी या गावांच्या दरम्यान येरळेवर धरण बांधण्याचे ठरले आणि १९८६ मध्ये प्रत्यक्ष कामास प्रारंभ झाला. अभियंते के. आर. दाते यांच्यासारख्या तज्ज्ञांचे तांत्रिक साहाय्य लाभले. गावातील स्त्री-पुरुषांनी श्रमदान केले. बाहेरगावचे विद्यार्थी व कार्यकर्ते कामावर आले. निधीसाठी वाळूची विक्री हा मुख्य आधार होता, त्याला लोकांच्या वर्गणीची जोड मिळाली.

शासनाची भूमिका सुरुवातीस अनुकूल नव्हती. नदी शासनाची, वाळू शासनाची आणि धरण बांधण्याचा अधिकारही शासनाचा, अशी ती भूमिका होती. त्यामुळे परवानगीसाठी गावकऱ्यांना मोर्चे व धरणे यांचा मार्ग वारंवार पत्करावा लागला. दशकाच्या अखेरीस धरण उभे राहिले. दोन गावांतील सुमारे ९०० एकर क्षेत्राला त्याचा लाभ व्हावा, अशी त्याची योजना होती.

धरणाला दिलेले नावही अर्थपूर्ण आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) मध्ये बळीराजाला शेतकऱ्यांच्या न्यायी राज्याचे प्रतीक म्हणून मांडले, आणि ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) मध्ये शासनाने आपल्या लष्करी व पोलीस दलांतील मनुष्यबळ वापरून ताली व बंधारे घालावेत, पावसाचे पाणी शेतात मुरवावे, अशी सूचना केली. शंभर वर्षांनंतर ही सूचना अमलात आली. फरक इतकाच, की फावडे शिपायाच्या नव्हे, तर गावकऱ्याच्या हातात होते.

समन्यायी पाणीवाटपाचे तत्त्व

बळीराजा धरणाचे खरे महत्त्व त्याच्या वाटपाच्या तत्त्वात आहे. रूढ व्यवस्थेत पाणी जमिनीमागे जाते. ज्याची जमीन जास्त, त्याला पाणी जास्त. ज्याला जमीन नाही, त्याला पाणीही नाही. या धरणाच्या आखणीत मात्र पाण्याचा हक्क माणसाला देण्यात आला. भूमिहीनांनाही समान वाटा आणि स्त्रियांनाही हक्क, अशी भूमिका घेण्यात आली. भूमिहीन कुटुंबाने खंडाने अथवा वाट्याने जमीन घेऊन आपले पाणी वापरावे, हा त्यामागील विचार होता.

अशा विचाराला पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्याचा पूर्वानुभव होता. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगाव येथे सुरू केलेल्या पाणी पंचायतीने माणशी अर्धा एकर, कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनांना वाटा आणि उसाला बंदी असे नियम घातले होते. बळीराजा धरणाच्या योजनेतही उसाला स्थान नव्हते. धान्य, चारा व झाडे यांना प्राधान्य होते. थोडे पाणी सर्वांना पुरवायचे, तर ते फार पिणाऱ्या एका पिकाला देता येत नाही, हे त्यामागील सरळ गणित होते.

पुढील परिणाम व मर्यादा

या प्रयोगातून निघालेला समन्यायी वाटपाचा विचार पुढे व्यापक झाला. कृष्णा पाणी तंटा लवादाने महाराष्ट्राच्या वाट्याला दिलेले पाणी दुष्काळी तालुक्यांपर्यंत पोहोचावे, यासाठी १९९३ पासून आटपाडी येथे पाणी परिषदा भरू लागल्या. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख व भारत पाटणकर यांनी या लढ्यास नेतृत्व दिले. १९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले. पुढील काळात टेंभूसारख्या उपसा योजनांचे पाणी या पट्ट्यात आले.

तथापि, मर्यादाही नोंदवणे आवश्यक आहे. उपसा योजनांचे पाणी आले, तरी माणशी हक्काचे तत्त्व कायद्यात पूर्णपणे उतरले नाही. २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याने पाणीवापर संस्थांना स्थान दिले. परंतु सदस्यत्वाचा पाया लाभक्षेत्रातील जमीन हाच राहिला. वाळूबाबत सर्वोच्च न्यायालयाने दीपककुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात २७ फेब्रुवारी २०१२ रोजी लहान क्षेत्रातील गौण खनिज उत्खननासही पर्यावरणीय मंजुरी आवश्यक ठरवली. बलवडी-तांदूळवाडीच्या ग्रामस्थांनी पाव शतक आधी मांडलेल्या चिंतेला त्यामुळे न्यायालयीन मान्यता मिळाली, असे म्हणता येईल. मात्र पात्रातील वाळूवर गावाचे नियंत्रण असावे, हा त्यांचा दुसरा मुद्दा त्या निकालाच्या कक्षेत आला नाही.

निष्कर्ष

१) खानापूर तालुक्यातील दुष्काळ केवळ अपुऱ्या पावसाचा परिणाम नव्हता. नदीपात्रातील वाळूचा उपसा व पाण्याचे विषम वाटप ही त्याची मनुष्यकृत कारणे होती.
२) गिरणी संपामुळे परतलेल्या कामगारांचा संघटनात्मक अनुभव, प्रतिसरकारची परंपरा आणि लोकविज्ञानाची दृष्टी यांच्या संयोगातून ही चळवळ घडली.
३) चळवळ मदतीच्या मागणीवर थांबली नाही. स्थानिक साधनसंपत्तीच्या नियंत्रित वापरातून निधी, श्रमदानातून बांधकाम आणि समान हक्कातून वाटप, असा पर्यायी आराखडा तिने उभा केला.
४) या आराखड्यातील बांधकामाचा भाग अनुकरणीय ठरला, वाटपाचा भाग मात्र अद्याप व्यापक प्रमाणात स्वीकारला गेलेला नाही.

धरणाची भिंत बांधणे हे श्रमाचे काम आहे आणि ते दोन लहान गावांनी करून दाखवले. त्या भिंतीमागच्या पाण्यात भूमिहीनाचाही वाटा मान्य करणे हे त्याहून कठीण काम होते. प्रादेशिक इतिहासाच्या अभ्यासकांनी बळीराजा धरणाची नोंद घेताना भिंतीच्या लांबी-उंचीबरोबर या दुसऱ्या कामाचीही नोंद घेणे अगत्याचे आहे.