कागदावरचा बाप

भिवपुरी रोड स्टेशनच्या पश्चिमेला माथेरानचा डोंगर उभा आहे. वर मोटारींना बंदी, त्यामुळे माणसे नि सामान घोड्यांवरून चढते. या तट्टांची वंशावळ सहसा कुणी विचारत नाही. पाय घट्ट आहेत ना, उतारावर बिथरत नाही ना, एवढे पाहून सौदा होतो. थोडे दक्षिणेला, खालापूर तालुक्यातून जाणाऱ्या घाटरस्त्याने, शर्यतीचे घोडे महालक्ष्मीच्या हंगामानंतर पुण्याला जातात आणि पुण्याचा हंगाम आटोपला की परत मुंबईला येतात. यांतल्या प्रत्येकाचे आईबाप, आजेपणजे नोंदवहीत असतात आणि त्या नोंदीमागे प्रयोगशाळेचा दाखला असतो. या दोघांच्या मधे अलीकडे तिसरा प्राणी आला आहे: कर्जत, नेरळ, खोपोलीच्या शेतघरांमधला ‘पेपरवाला’ कुत्रा. त्याचे कागद शर्यतीच्या घोड्यासारखे, पण त्यांमागचा पुरावा बहुतेकदा तट्टाच्या सौद्यातला, म्हणजे विकणाऱ्याचा शब्द.

गावातल्या कुत्र्याची ओळख पूर्वीपासून आईवरून. अमक्याच्या घरच्या काळीची पिल्ले, तिसरे पिल्लू वाडीवर गेले, असा हिशेब असे. भादव्यात मोकाट हिंडणाऱ्या कुत्र्यांमधला बाप कोण, हे कुणी विचारत नसे आणि सांगायलाही कुणी पाहिलेले नसे. त्यातच कुत्रीची माजाची मुदत चांगली दोन-तीन आठवड्यांची. तेवढ्यात दोन कुत्र्यांशी संबंध आला तर एकाच विणीतली पिल्ले दोन बापांची निघू शकतात. राखणीपुरता कुत्रा हवा असणाऱ्याला याने काहीच बिघडत नाही. बिघडते ते पिल्लाची किंमत बापाच्या नावावर ठरते तेव्हा.

दरबारी कुत्र्यांचीही गत वेगळी नव्हती. ग्रँट डफने 1826 साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात छत्रपती शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची हकिगत आहे. वाघाच्या शिकारीत त्याने महाराजांचा जीव वाचवला, म्हणून त्याच्या नावाने सनदा निघाल्या, त्याला पालखीचा मान मिळाला. साताऱ्याजवळ संगम माहुलीला एका इमानी कुत्र्याचे स्मारक आजही दाखवतात. ज्या दरबारात कुत्र्याच्या नावाची सनद लिहिली गेली, तिथेही त्याची वंशावळ लिहावी असे कुणाला वाटल्याचे दिसत नाही. कुत्र्याचा मान त्याच्या कामाचा होता, कुळाचा नव्हे.

कुळाची वही आली ती घोड्यांमागून. जेम्स वेदरबी यांनी 1791 साली इंग्लंडात शर्यतीच्या घोड्यांची पहिली वंशनोंद छापली. कारण अगदी व्यवहारी होते: पैजांचे पैसे मोठे आणि घोड्याच्या वयाबद्दल, कुळाबद्दल लबाडी सर्रास. कुत्र्यांचे प्रदर्शन 1859 साली न्यूकॅसलला भरले, 1873 मध्ये लंडनचा केनेल क्लब निघाला आणि पुढच्याच वर्षी त्याची पहिली नोंदवही तयार झाली. अमेरिकन केनेल क्लब 1884 चा. साहेबाबरोबर ही प्रदर्शने, त्या वह्या नि तो शौक हिंदुस्थानात आला. पद्धत सगळीकडे एकच. कुत्रीचा मालक आणि कुत्र्याचा मालक दोघे सही करतात, त्या सहीवर विणीची नोंद होते, आणि एकदा झालेली नोंद पुढच्या सगळ्या पिढ्यांच्या कागदांवर उतरत जाते. खोटी सहीही तशीच उतरते.

घोड्यांच्या मालकांना हे फार आधी उमगले. भारतातल्या थरोब्रेड घोड्यांची वंशनोंद रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या छत्राखाली पुण्यातून ठेवली जाते. जगभरच्या नोंदवह्यांनी आधी रक्तगट तपासून आणि मग या शतकाच्या सुरुवातीपासून डीएनए तपासून आईबापांची खात्री करायची वाट धरली. शिंगरू जन्मले, नमुना गेला, जुळला, तरच नाव चढते. नोंद करताना मालकाच्या प्रतिष्ठेकडे बघितले जात नाही. या शिस्तीची गरज किती होती, हे डब्लिनच्या संशोधकांनी 2002 मध्ये दाखवून दिले. आईकडूनच उतरणारा डीएनए तपासल्यावर कळले की थरोब्रेडच्या अनेक जुन्या मातृकुळांच्या सुरुवातीच्या नोंदी चुकलेल्या आहेत. बाप राहू दे, वहीतली आईसुद्धा चुकली होती, आणि ती चूक दोन शतके छापली जात होती.

कुत्र्यांसाठी हे तंत्र नवे नाही. अॅलेक जेफ्रीज यांनी 1984 साली डीएनएचे ठसे शोधले आणि 1987 मध्येच कुत्र्या-मांजरांचे ठसे प्रसिद्ध केले. रीत सोपी आहे. गालाच्या आतून बोळ्याने नमुना घ्यायचा आणि ठरावीक जागांवरच्या खुणा पाहायच्या. प्रत्येक जागी पिल्लाकडे दोन खुणा असतात, एक आईची, एक बापाची. बाप म्हणून सांगितलेल्या कुत्र्याकडे त्या खुणा एकामागून एक मिळत नसतील, तर तो बाप नव्हे. अमेरिकन केनेल क्लबने 2000 सालापासून वारंवार वापरल्या जाणाऱ्या नरांची डीएनए नोंद सक्तीची केली. हे तर्काला धरून आहे, कारण एका कुत्रीची चुकलेली नोंद काही विणींपुरती राहते, तर नावाजलेल्या नराच्या नावावर खपवलेली पिल्ले सगळ्या देशात पसरतात.

आपल्याकडे 2017 साली केंद्राने कुत्र्यांच्या पैदाशीसाठी नियम केले. ब्रीडरने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, नोंदी ठेवायच्या, मायक्रोचिप बसवायची, आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकायचे नाही. चांगले नियम आहेत. पण चिप हा कुत्रा कोणता एवढेच सांगते, त्याचा बाप कोण हे तिला ठाऊक नसते. म्हणून जो ब्रीडर चॅम्पियन बापाच्या नावाने जादा पैसे घेतो, त्याने बापाच्या नावाचा पुरावा द्यावा, यात अन्याय काहीच नाही. नर, मादी आणि पिल्ले, तिघांचे नमुने. प्रामाणिक ब्रीडरला याचा फायदाच आहे. आज त्याचा खरा कागद आणि शेजाऱ्याचा खोटा कागद बाजारात एकाच भावाने जातो.

मात्र इथेच एक वेगळा प्रश्न पहिल्यात मिसळतो, आणि तो वेगळा ठेवला नाही तर नुकसान मराठी मुलखातल्या आपल्याच कुत्र्याचे होईल. आईबाप कोण हा एक प्रश्न. जात शुद्ध आहे का हा दुसरा.

कारवानी कुत्रा घ्या. सोलापूर, लातूर, विजापूर, बागलकोट या पट्ट्यात सशामागे धावणारा, लांब तोंडाचा, बरगड्या दिसणारा, अंगाने फाटका पण दमाचा कुत्रा. पायाला-शेपटीला लव असलेल्याला पश्मी म्हणतात. मुधोळच्या घोरपडे संस्थानाने, विशेषतः राजे मालोजीराव घोरपड्यांनी, त्याला नाव मिळवून दिले. त्यांनी पाचव्या जॉर्ज बादशहाला या कुत्र्यांची जोडी भेट दिली अशी हकिगत सर्वत्र सांगतात. काही ठिकाणी तिचे साल 1937 दिलेले असते, पण पाचवा जॉर्ज जानेवारी 1936 मध्येच वारला. लेखी नोंद नसली की कुत्र्याची कीर्तीही अशी सैल होत जाते. पुढे 2005 मध्ये मुधोळ हाउंडचे टपाल तिकीट निघाले, 2016 मध्ये सैन्याने प्रशिक्षणासाठी ही कुत्री मेरठला नेली, आणि कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेने राजपालयम नि चिप्पीपराईबरोबर तिला भारतीय जात म्हणून अधिकृत नोंद दिली. एवढे होऊनही नावावर एकमत नाही. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या वहीत तो कॅरव्हॅन हाउंड, तर इंडियन नॅशनल केनेल क्लबच्या वहीत मुधोळ हाउंड.

आता यातला शुद्ध कोण, हे प्रयोगशाळा सांगेल का? अमेरिकेत 2004 साली 85 जातींच्या 414 कुत्र्यांवर झालेल्या अभ्यासात जवळजवळ प्रत्येक कुत्र्याची जात डीएनएवरून ओळखता आली. पण तुलनेला त्या जातींचे नमुने हाताशी होते म्हणून. ज्या जातीचे पुरेसे नमुने संग्रहात नाहीत तिला चाचणी ओळखणार कशी? ती जवळपासच्या भलत्याच जातीचे नाव सांगेल, आणि एखाद्या धनगराचा पिढ्यान्‌पिढ्या राखलेला कुत्रा कागदावर संकर ठरेल. खरा संकर, शर्यतीच्या हौसेपायी ग्रेहाउंडशी केलेला, तो मात्र ऐटदार कागद घेऊन मिरवेल.

शुद्धतेच्या हट्टाने काय होते याचा धडा डाल्मेशियनने दिला आहे. बंद वहीतल्या या जातीत मूत्रखड्याला कारण होणारा जनुकदोष जवळजवळ प्रत्येक कुत्र्यात उतरला. 1973 साली रॉबर्ट शायबल यांनी एकदाच पॉइंटर कुत्र्याशी संकर करून निरोगी जनुक परत आणला. पुढच्या पिढ्या पुन्हा डाल्मेशियनशीच जोडल्या. 2008 मध्ये दोषी जनुक सापडला, तरी अमेरिकन केनेल क्लबने या कुत्र्यांना वहीत घेतले ते 2011 साली. कुत्री बरी होती, कागद आडवा येत होता. बसेंजीच्या पाठीराख्यांनी अधिक शहाणपणा केला. त्यांनी 1990 मध्ये वही उघडली आणि आफ्रिकेतून थेट आणलेल्या कुत्र्यांना तपासून आत घेतले.

कारवानीला हीच वाट धरता येईल. बागलकोट जिल्ह्यात, मुधोळजवळ तिम्मापूरला कर्नाटकच्या पशुवैद्यक विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र आहे. महाराष्ट्रातल्या सोलापूर-लातूरच्या वाड्यावस्त्यांवरचे नमुने अशा केंद्राकडे आधी जमायला हवेत, मालकाच्या तोंडची आजी-पणजीची हकिगत प्रत्येक नमुन्याबरोबर लिहून घेऊन. तोवर जात शुद्ध असल्याचा शिक्का कुणी कुणाला देऊ नये. आईबापांची खातरजमा मात्र आजच करता येते, आणि ती सुरू करायची तर कर्जतच्या शेतघरासाठी पिल्लू घेणाऱ्याने पैसे मोजण्याआधी नराचा अहवाल मागितला की पुरे.