कृष्णेच्या मुखाशी तिहेरी संकट

महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावणारी कृष्णा सुमारे १,४०० किलोमीटरचा प्रवास करून आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते. विजयवाड्याच्या खाली पसरलेला तिचा त्रिभुज प्रदेश भाताचे कोठार म्हणून ओळखला जातो. हवामानबदलाच्या काळात मात्र या प्रदेशापुढे गाळ, पाणी आणि समुद्र असे तिहेरी संकट उभे आहे.

गाळाची तूट
नदीने आणलेल्या गाळावरच त्रिभुज प्रदेश घडतो व टिकतो. कृष्णेचा बराचसा गाळ आता अलमट्टी, श्रीशैलम, नागार्जुनसागर यांसारख्या धरणांमागे अडतो. 'नेचर जिओसायन्स'मध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जगातील ३३ मोठ्या त्रिभुज प्रदेशांपैकी २४ खचत असल्याचे आढळले. कृष्णेचा समावेश अधिक धोक्याच्या गटात होता.

कधी टंचाई, कधी महापूर
१९५७ साली पूर्ण झालेल्या प्रकाशम बंधाऱ्यावर सुमारे १३ लाख एकर शेती अवलंबून आहे. बच्छावत लवादाने १९७६ मध्ये कृष्णेचे २,०६० अब्ज घनफूट पाणी तीन राज्यांत वाटले. हे वाटप चारपैकी तीन वर्षे मिळू शकेल अशा पाण्यावर आधारले होते. पाऊस लहरी झाला की हा हिशेब कोलमडतो. २००१ ते २००४ या कोरड्या वर्षांत समुद्रापर्यंत फारच थोडे पाणी पोहोचले. याउलट, ऑक्टोबर २००९ आणि सप्टेंबर २०२४ मध्ये याच बंधाऱ्यावरून ११ लाख क्युसेकहून अधिक विसर्ग झाला.

गोडे पाणी घटले की खारे पाणी कालव्यांत व विहिरींत शिरते. किनारा सखल असल्याने वादळाची लाटही आत घुसते. १९७७ च्या चक्रीवादळात दिविसीमा परिसर उद्ध्वस्त झाला. त्या आपत्तीत सुमारे १० हजार बळी गेले.

उपाय कोणते?
गोदावरीचे पाणी पट्टिसीमा उपसा योजनेद्वारे २०१५ पासून कृष्णेत आणले जाते. पुलिचिंतला धरणामुळे बंधाऱ्याच्या जवळच साठा उपलब्ध झाला. तथापि, या योजनांनी टंचाई कमी होते. गाळ परत येत नाही. त्यासाठी खारफुटीचे रक्षण, भूजल उपशावर मर्यादा आणि पावसाच्या अंदाजानुसार साऱ्या धरणांतून समन्वयाने विसर्ग आवश्यक आहे.

यात महाराष्ट्राचाही वाटा आहे. वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळविलेले कोयनेचे पाणी वाशिष्ठीमार्गे अरबी समुद्राला मिळते. ते कृष्णेत परतत नाही. उगमाकडील प्रत्येक निर्णयाचा परिणाम मुखाशी राहणाऱ्या शेतकऱ्याला भोगावा लागतो, ही बाब पाणीवाटपाच्या चर्चेत दुर्लक्षून चालणार नाही.