भोपळ्याचं बाळ

मेक्सिकोतल्या सिनालोआच्या डोंगराळ खेड्यांत समज होता: बाळाची टाळू बसली की जुलाब लागतात. मग उपाय काय, तर बाळाला उलटं धरून तळव्यांवर चापट्या मारायच्या, तोंडात बोट घालून टाळू वर ढकलायची. पाणी पाजायचं राहूनच जायचं. आणि बाळ हातचं जायचं.

१९६० च्या दशकात तिथे गेलेले डेव्हिड वर्नर डॉक्टर नव्हते, जीवशास्त्राचे शिक्षक. चित्रं मात्र स्वतः काढायचे. त्यांचं ‘जिथे डॉक्टर नाही’ हे पुस्तक १९७३ साली स्पॅनिशमध्ये आलं, इंग्रजीत १९७७ ला.

पण मला त्यांचं भोपळ्याचं बाळ जास्त भावतं. बिल बोअर यांच्यासोबतच्या १९८२ च्या पुस्तकात ते आहे. भोपळ्यावर डोळे-तोंड रंगवायचं, वरच्या भोकावर ओलं फडकं, खाली बूच, आत पाणी. बूच काढलं की पाणी जातं आणि फडकं खाली बसतं. आया बघूनच सांगायच्या: टाळूमुळे जुलाब नाहीत, पाणी गेलं म्हणून टाळू बसली!

कुणाला अडाणी म्हणावं लागलं नाही. आपल्या ओपीडीत ‘डिहायड्रेशन आहे, सलाईन लावा’ एवढंच कानावर पडतं. भोपळा तर आपल्याकडेही पिकतो की.