घरातली खोली : हवानामधील स्वस्त मुक्कामाचा इतिहास

कॅरिबियन प्रदेशातल्या ऐतिहासिक शहरांपैकी हवानामध्ये कमी खर्चात राहू पाहणाऱ्या प्रवाशाला आज पहिला सल्ला मिळतो तो हॉटेलच्या भानगडीत न पडता एखाद्या कुटुंबाच्या घरात खोली घेण्याचा. अशा घराला क्युबामध्ये ‘कासा पार्तिकुलार’, म्हणजे खासगी घर, म्हणतात. सरकारी परवाना घेऊन परक्या पाहुण्यांना खोली भाड्याने देणारे घर, असा त्या संज्ञेचा प्रचलित अर्थ आहे. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर क्युबावर ओढवलेल्या आर्थिक संकटातून ही व्यवस्था जन्माला आली असे सर्रास सांगितले जाते आणि कायद्यापुरते ते खरेही आहे. मात्र शहराचा पूर्वेतिहास पाहिला तर हवानामधला स्वस्त बिछाना जवळजवळ प्रत्येक काळात कोणाच्या ना कोणाच्या घरातच होता, आणि राज्यकर्ते बदलत गेले तरी त्या बिछान्याकडे पाहण्याची त्यांची दृष्टी फारशी बदलली नाही, असेच म्हणावे लागते.

हवाना आजच्या जागी वसले ते १५१९ मध्ये. तोंडाशी चिंचोळे आणि आत प्रशस्त असलेले त्याचे बंदर फ्लोरिडाच्या सामुद्रधुनीजवळ आहे, आणि अमेरिकेकडून युरोपकडे परतणाऱ्या शिडाच्या जहाजांना पुढे ढकलणारा गल्फ स्ट्रीम हा उष्ण सागरी प्रवाह याच सामुद्रधुनीतून वाहतो. चाचे आणि शत्रुराष्ट्रांची जहाजे यांच्या भीतीमुळे स्पेनच्या राजसत्तेने १५६० च्या दशकात अमेरिकेच्या व्यापारासाठी ताफ्यांची पद्धत पक्की केली. तिच्यानुसार व्यापारी जहाजांनी एकेकटे न जाता लढाऊ जहाजांच्या संरक्षणाखाली जायचे असे. एक ताफा मेक्सिकोच्या व्हेराक्रूझ बंदरात, तर दुसरा पनामाच्या संयोगभूमीकडे जाई, आणि परतीच्या वाटेवर चांदी व इतर माल भरलेली जहाजे हवानामध्ये एकत्र जमत. दुसऱ्या ताफ्याची वाट पाहणे, गळती जहाजे दुरुस्त करणे, पाणी व शिधा भरणे आणि वादळांचा हंगाम टळेपर्यंत थांबणे या साऱ्यांत आठवडेच काय, कधी महिनेही जात, आणि उशीर फारच झाला तर अख्खा हिवाळा बंदरातच काढावा लागे.

एरवी लहानशाच असलेल्या या गावात अशा वेळी हजारो खलाशी, सैनिक, व्यापारी, अधिकारी आणि धर्मोपदेशक उतरत. एवढ्या माणसांना पुरतील इतके पथिकाश्रम तिथे नव्हते आणि ते बांधणे कोणाला परवडणारेही नव्हते, कारण ताफा निघून गेला की गाव पुन्हा ओस पडे. सरकारचा पैसा किल्ल्यांवर खर्च होत होता. १५५५ मध्ये जाक द सोर या फ्रेंच चाच्याने गाव लुटून जाळल्यानंतर तर तटबंदीखेरीज दुसरे काही सुचण्यासारखी परिस्थितीही नव्हती. साहजिकच राहण्याची सोय रहिवाशांच्या घरांत झाली. खोली, अंगण, प्रसंगी ओसरीसुद्धा भाड्याने जाई आणि ताफा बंदरात असेपर्यंत भाड्यापासून मांसापर्यंत सगळेच महाग होई. प्रवाशाला खर्चाचा अंदाज बांधणे अशक्य होते, कारण मुक्काम किती दिवसांचा हेच त्याच्या हाती नव्हते.

या धंद्याचा मोठा भार स्त्रियांवर, आणि त्यातही आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांवर होता, ही गोष्ट हवानाच्या इतिहासात पुरेशी ठळकपणे सांगितली जात नाही. १६ व्या शतकातल्या हवानामध्ये दारूचे गुत्ते आणि खानावळी चालवणाऱ्या, कपडे धुणाऱ्या, स्वयंपाक करून विकणाऱ्या आणि खोल्या भाड्याने देणाऱ्या काळ्या स्त्रिया होत्या. त्यांतल्या काही दास्यातून मुक्त झालेल्या, तर काही अजून गुलामच होत्या. गुलाम स्त्रीला मालक बाहेर कमाईसाठी पाठवी आणि तिने त्याला दररोज ठरावीक रक्कम आणून द्यायची असे; या रकमेला ‘होर्नाल’, म्हणजे रोज, म्हणत. गिऱ्हाईक आले किंवा न आले तरी होर्नाल चुकत नसे, मात्र त्यावर जे उरेल ते तिचे राही, आणि अशा शिलकीतून पै-पै साठवून स्वतःचे स्वातंत्र्य विकत घेतलेल्या स्त्रियाही होत्या. या स्त्रियांच्या गुत्त्यांवर नगरसभेने वेळोवेळी निर्बंध घातले. बंदी पुन्हा पुन्हा घालावी लागते याचा अर्थ ती पाळली जात नाही असाच घ्यावा लागतो. शिवाय या स्त्रियांनी चुली विझवल्या असत्या तर ताफ्यातल्या माणसांना जेवू घालायला दुसरे होते कोण?

पुढच्या शतकांत वाढलेल्या शहराच्या घरबांधणीनेही या प्रथेला आधार दिला. १७ व्या आणि १८ व्या शतकातले हवानामधले श्रीमंत घर पुण्याच्या जुन्या वाड्याची आठवण करून देते : रस्त्यालगत घोडागाडी आत येईल एवढी देवडी, तिच्यापलीकडे मोकळा चौक, चौकाभोवती सज्जे आणि त्यांत उघडणाऱ्या खोल्या. तळमजल्यावर मालाची कोठारे, वरच्या मजल्यावर कुटुंब आणि या दोहोंच्या मध्ये ठेंगण्या छताचा ‘एंत्रेसुएलो’ नावाचा अर्धा मजला असे, जिथे कचेरी थाटली जाई किंवा नोकर आणि गुलाम झोपत. उष्ण हवेसाठी मुख्य मजल्यांची छते चार-पाच मीटर उंच ठेवलेली असत. प्रत्येक खोलीचे दार चौकाकडे उघडत असल्यामुळे असे घर खोलीखोलीने भाड्याने देणे सोपे होते, आणि मालक कुटुंबाचे दिवस फिरले की तसेच घडे.

१९ व्या शतकात साखरेच्या व्यापाराने हवाना श्रीमंत झाले आणि उत्तर अमेरिकेतून येणाऱ्यांची संख्या वाढली. त्यांत व्यापारी होते, तसे थंडीपासून दूर जाण्याचा सल्ला मिळालेले क्षयरोगीही होते. रिचर्ड हेन्री डेना आणि ज्युलिया वॉर्ड हाऊ या अमेरिकी लेखकांची १८५९ आणि १८६० मध्ये प्रसिद्ध झालेली क्युबाविषयीची प्रवासवर्णने याच काळातली. हॉटेल म्हणवणाऱ्या जागाही तेव्हा पुष्कळदा बोर्डिंग हाउसच, म्हणजे मालकाच्या घरात राहण्याजेवण्याची एकत्रित सोय असलेल्या जागा, असत. १८६३ पासून शहराचा तट पाडण्यास सुरुवात झाली, मोकळ्या झालेल्या भागाला लागून नवी वस्ती उभी राहिली आणि १८७५ मध्ये सुरू झालेले ‘इंग्लातेर्रा’ हे हॉटेल तिथल्या प्रतिष्ठेचे केंद्र बनले. खऱ्या अर्थाने हॉटेल म्हणावी अशी संस्था हवानामध्ये इतक्या उशिरा रुजली.

श्रीमंत कुटुंबे नव्या वस्त्यांकडे सरकल्यावर तटाच्या आतले त्यांचे वाडे खोल्या-खोल्यांनी वाटले गेले. एका खोलीत एक कुटुंब आणि चौकातला नळ व शौचकूप सर्वांना सामाईक, अशा इमारतींना ‘सोलार’ किंवा ‘सिउदादेला’ ही नावे पडली. २० व्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत स्पेनमधून, मुख्यतः गॅलिसिया आणि आस्तुरियास या प्रांतांतून, लाखो माणसे कामाच्या शोधात क्युबात आली. बंदराच्या पलीकडच्या काठावर असलेल्या तिस्कोर्निया या स्थलांतरितांच्या छावणीतून सुटका झाली की त्यांचा पहिला मुक्काम ‘फोंदा’ नावाच्या खानावळीत किंवा सोलारमधल्या एखाद्या खाटेवर पडे. दुकानात नोकरी मिळालेला तरुण बहुधा त्या दुकानातच झोपत असे. स्वस्त मुक्कामाचा हा अध्याय पर्यटनाच्या इतिहासात कोणी धरत नाही, पण बिछाने याच लोकांनी सर्वाधिक वापरले.

झगमगत्या हॉटेलांचा काळ त्या मानाने थोडका. अमेरिकेतल्या दारूबंदीने १९२० च्या दशकात हवानाकडे गिऱ्हाइके वळवली, १९३० च्या अखेरीस ‘नासिओनाल’ उघडले आणि १९५५ मध्ये हुकूमशहा बातिस्ताच्या राजवटीने केलेल्या हॉटेलविषयक कायद्याने दहा लाख डॉलरांहून अधिक गुंतवणुकीच्या नव्या हॉटेलांना करमाफी आणि जुगारगृहाचा परवाना देऊ केल्यावर ‘कॅप्री’, ‘रिव्हिएरा’ आणि ‘हिल्टन’ उभी राहिली. यांतले ‘हिल्टन’ हे हॉटेल-खानावळ कामगारांच्या निवृत्तिवेतन निधीतून बांधले गेले होते. म्हणजे ज्या वाढप्यांना आणि आचाऱ्यांना तिथे एक रात्र राहणेही परवडले नसते त्यांच्याच पुंजीवर ते उभे होते. मार्च १९५८ मध्ये त्याचे उद्घाटन झाले आणि एक वर्षही उलटत नाही तोच क्रांतिकारक शहरात शिरले. त्याच इमारतीत त्यांचे नेते फिदेल कास्त्रो यांनी मुक्काम केला आणि पुढे तिचे नाव ‘हबाना लिब्रे’ झाले.

१४ ऑक्टोबर १९६० रोजी झालेला शहरी सुधारणा कायदा हा या इतिहासातला कळीचा टप्पा होय. या कायद्याने घरे भाड्याने देण्यावर बंदी आली आणि जो ज्या घरात भाडेकरू होता त्याला ठरावीक हप्ते भरून त्या घराचा मालक होण्याचा मार्ग खुला झाला. भाड्यावर जगणारा वर्ग नाहीसा करणे हा त्यामागचा हेतू होता आणि तो साधलाही. परंतु त्याच कायद्यामुळे हवानामधली बहुसंख्य कुटुंबे स्वतःच्या घराची मालक झाली आणि तीन दशकांनंतर पाहुण्याला खोली देण्याची वेळ आली तेव्हा देण्याजोगी खोली त्यांच्या हाती होती. भाड्याच्या शत्रूनेच पुढच्या घरमालकांची पिढी तयार करावी, हा योग क्रांतीच्या शिल्पकारांना खचितच रुचला नसता.

सोव्हिएत मदत थांबल्यावर क्युबामध्ये ‘विशेष कालखंड’ या सरकारी नावाने ओळखली जाणारी टंचाई सुरू झाली. १९९३ मध्ये नागरिकांना डॉलर बाळगण्याची मुभा आणि काही स्वयंरोजगारांना परवानगी मिळाली, पर्यटकांची संख्या १९९६ मध्ये दहा लाखांवर गेली आणि चोरून खोल्या देण्याचा प्रकार इतका फोफावला की १९९७ च्या १७१ क्रमांकाच्या हुकूमनाम्याने सरकारने तो परवान्याच्या चौकटीत आणला. परवानाधारक घराच्या दारावर निळ्या रंगाचे, जहाजाच्या उलट्या नांगरासारखे दिसणारे चिन्ह लावले जाऊ लागले. प्रत्येक पाहुण्याचे नाव आणि पासपोर्ट क्रमांक नोंदवहीत लिहून ते स्थलांतर कार्यालयाला कळवणे घरमालकावर बंधनकारक झाले. सर्वांत जाचक ठरला तो कर. तो खोलीमागे दरमहा ठरावीक असे आणि पाहुणा आला किंवा न आला तरी भरावाच लागे. त्यात जेवण द्यायचे तर वेगळा आकार आणि वर्षाखेरी मिळकतीवरचा कर निराळा. गुलामगिरीतल्या होर्नालशी स्वतंत्र नागरिकाच्या कराची तुलना करणे अन्यायाचे होईल हे मान्य केले तरी हिशेबाची रीत तीच आहे, हे नजरेआड करता येत नाही : धोका घर चालवणारीचा, आणि ठरावीक हिस्सा वरच्याचा.

प्रवाशाच्या खर्चाचे गणितही या रचनेतूनच ठरत गेले. खोलीचा दर माणसामागे नसून खोलीमागे असल्यामुळे एकट्याला ती महाग आणि दोघांना स्वस्त पडे. न्याहारीचे पैसे वेगळे लागत, आणि न्याहारी व रात्रीचे जेवण यांवरच घरच्या बाईचा खरा नफा अवलंबून असल्याने ती आग्रहाने वाढत असे. रस्त्यात भेटून घर दाखवायला नेणाऱ्या दलालाचे कमिशन दर रात्रीमागे मोजले जाई आणि ते निमूटपणे भाड्यात मिसळे; म्हणून पत्ता आधी ठरवून थेट दारावर जाणारा पाहुणा दोघांच्याही फायद्याचा असे. स्वतःची खोली भरलेली असली तर घरमालकीण ओळखीच्या दुसऱ्या घरी फोन करी आणि पुढच्या गावातलेही घर ठरवून देई. खोली मिळे ती कधी कधी जुन्या वाड्याच्या उंच छताखाली घातलेल्या ‘बार्बाकोआ’ नावाच्या पोटमाळ्यावर किंवा त्याच्या खाली. दाटीमुळे कुटुंबांनी स्वतःच्या हातांनी घातलेल्या या माळ्यांच्या ओझ्याने अनेक जुन्या भिंती खचल्या, ही त्या सोयीची दुसरी बाजू.

१९८२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात समाविष्ट झालेल्या जुन्या शहराचा जीर्णोद्धार शहर-इतिहासकार एउसेबिओ लेआल यांच्या कार्यालयाने मोठ्या निष्ठेने केला, आणि त्या खर्चाची तरतूद व्हावी म्हणून काही वाडे हॉटेलांत रूपांतरित झाले. ती हॉटेले देखणी आहेत, स्वस्त मात्र नाहीत. क्युबाच्या नागरिकांना तर २००८ पर्यंत पर्यटकांच्या हॉटेलांत राहण्याचीच मुभा नव्हती.

२०१० नंतर नियम सैल झाले, कुटुंबाबाहेरचे नोकर ठेवता येऊ लागले, २०११ मध्ये घरांच्या खरेदी-विक्रीला परवानगी मिळाली आणि २०१५ मध्ये एअरबीएनबी ही अमेरिकी कंपनी क्युबात आली. त्याबरोबर धंद्याचे स्वरूप पालटले. चांगल्या वस्तीतले ऐसपैस घर आणि ते दुरुस्त करायला परदेशातल्या नातलगांचा पैसा, या दोन्ही गोष्टी ज्यांच्याजवळ होत्या ती कुटुंबे बहुतांशी गोरी होती. सोलारमधल्या एका खोलीत राहणाऱ्या काळ्या कुटुंबाकडे पाहुण्याला देण्यासारखे काही नव्हते. ज्या धंद्याचा पाया ताफ्यांच्या काळात काळ्या स्त्रियांनी घातला त्याच्या भरभराटीत त्यांच्या वंशजांच्या वाट्याला बहुधा झाडलोट आणि धुणेच आले. सरकारलाही ही भरभराट पाहवेना. ऑगस्ट २०१७ मध्ये नवे परवाने देणे थांबवले गेले आणि ते पुन्हा सुरू व्हायला पुढच्या वर्षाचा डिसेंबर उजाडला.

सप्टेंबर २०२० मध्ये या नियमांत परक्या सत्तेच्या नियमाची भर पडली. अमेरिकेने क्युबामधल्या निषिद्ध निवासस्थानांची यादी जाहीर करून सरकारी मालकीच्या हॉटेलांत उतरण्यास आपल्या नागरिकांना मनाई केली, आणि त्यामुळे हवानामध्ये येणाऱ्या अमेरिकी प्रवाशासाठी घरातली खोली ही परवडते म्हणून निवडायची गोष्ट न राहता कायद्याने मोकळी ठेवलेली जवळजवळ एकमेव वाट ठरली.