आतड्याचा क्षय : निदान आणि शस्त्रक्रिया

असोदा (ता. जळगाव) : क्षयरोग म्हटला की खोकला आणि छातीचा एक्स-रे एवढेच आठवते. हा रोग आतड्यालाही होतो आणि तेथे तो खोकल्याविना, निव्वळ पोटदुखीच्या रूपाने महिनोन्‌महिने राहतो. भरीत-भाकरीच्या या मुलखात पोट दुखले की पहिला संशय तिखटावर जातो. तिखट बिचारे बहुतेकदा निर्दोष असते.

थुंकी गिळली गेल्याने, रक्तावाटे किंवा बाधित जनावराचे न उकळलेले दूध प्यायल्याने जंतू आतड्यात पोहोचतात. लहान आतडे मोठ्या आतड्यास मिळते, त्या पोटाच्या उजव्या-खालच्या भागात ते बहुधा ठाण मांडतात. तेथील व्रण भरताना आतडे आक्रसते व वाट अरुंद होते. जेवणानंतर कळ येणे, पोट फुगून गुडगुडणे, वजन घटणे आणि संध्याकाळचा बारीक ताप ही लक्षणे एकत्र असतील, तर पाचक चूर्णावर दिवस काढू नयेत.

निदान सोपे नाही. छातीचा एक्स-रे निर्दोष असला तरी आतड्यात क्षय असू शकतो. सीटी स्कॅनमध्ये जाड झालेली भिंत व गाठी दिसतात. परंतु कोलोनोस्कोपीद्वारे घेतलेल्या तुकड्याची तपासणी अधिक महत्त्वाची. आतड्यात जंतू अल्प असल्याने सीबीनॅट चाचणी नकारात्मक आली तरी रोग नाही, असे ठरत नाही. रक्तातील अँटिबॉडीवरून क्षय ठरविणाऱ्या चाचण्यांवर केंद्र सरकारने २०१२ मध्ये बंदी घातली आहे. खरी पंचाईत क्रोन्स या आजाराने होते. दोहोंचे रूप जवळपास सारखे, उपचार मात्र विरुद्ध. क्रोन्स समजून स्टेरॉइड दिल्यास क्षय बळावतो.

मुख्य उपचार औषधांचाच. भारतात २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार पोटाच्या क्षयासाठी किमान सहा महिने औषधे दिली जातात. सरकारी केंद्रांत ती मोफत मिळतात. मार्ग अडणे, आतडे फुटणे किंवा न थांबणारा रक्तस्राव अशा प्रसंगीच शस्त्रक्रिया करावी लागते. जंतू मेले तरी आक्रसलेला भाग कधीकधी तसाच राहतो, हेही शस्त्रक्रियेचे एक कारण.

रोगट भाग जागीच ठेवून बाजूने जोडमार्ग काढण्याची जुनी पद्धत आता मागे पडली. फुटलेला किंवा गाठ झालेला भाग काढून निरोगी टोके जोडतात. अरुंद जागा अनेक असतील, तर तेथे आतड्यास उभा छेद देऊन तो आडवा शिवतात. वाट रुंदावते आणि आतड्याची लांबी वाचते. या स्ट्रिक्चरोप्लास्टीचा क्षयातील अनुभव डॉ. आर. एन. कटारिया व सहकाऱ्यांनी भारतातून १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे पाश्चात्त्य शल्यविशारदांनी तीच रीत क्रोन्ससाठी स्वीकारली, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

शस्त्रक्रियेनंतरही औषधांचा क्रम पूर्ण करावाच लागतो. सतत उलट्या, पोट टणक होणे, शौच व वायू दोन्ही बंद होणे अशा वेळी असोदेकरांनी सकाळची वाट न पाहता जळगावचे शासकीय रुग्णालय गाठावे. उपचारकाळात पोषणासाठी निक्षय योजनेतून नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १००० रुपये बँक खात्यात जमा होतात. त्यासाठी रुग्णाची नोंदणी आवश्यक आहे.